इंग्लंडमध्ये शॉटगनचा परवाना काढताना

माझं शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक बाळगायचा परवाना, १७ सप्टेंबर २०२५ला, बुधवारी टपालाने आलं. अर्ज गेला होता ३ मार्चला, आणि त्याच्या तयारीला लागलो होतो जानेवारीत. अर्ज करायच्या आधी मराठीत कुठे काही वाचायला मिळतंय का म्हणून बरंच शोधलं, काहीच सापडलं नाही. म्हणून हे तारखांसकट आणि खर्चासकट लिहून ठेवतोय. एक आधीच सांगतो: हा अनुभव इंग्लंडमधला आहे, आणि वेल्समध्येही सगळं जवळपास असंच चालतं. स्कॉटलंडला मूळ कायदा हाच, पण तिथे ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअरगनलाही वेगळं सर्टिफिकेट लागतं. उत्तर आयर्लंडचा कायदाच निराळा.

सुरुवात झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. ऑफिसातल्या दोघांबरोबर क्ले शूटिंगच्या मैदानावर गेलो. यंत्रातून भिरकावलेली, साधारण अकरा सेंटिमीटरची ठिसूळ तबकडी हवेतच फोडायची. पहिल्या पंचवीस तबकड्यांत माझ्या चार फुटल्या. परवाना नसताना हातात बंदूक कशी दिली, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ११(६) मध्ये आहे. पोलीसप्रमुखाने मंजूर केलेल्या ठिकाणी आणि मंजूर वेळात, कृत्रिम लक्ष्यांवर, विनापरवाना माणसालाही शॉटगन चालवता येते. त्यामुळे आपल्याला हे आवडतंय का हे बघायला आधी परवाना काढायची गरज नाही. चार-पाच वेळा मैदानावर जाऊन या, प्रशिक्षकाकडून एखादा धडा घ्या, मग ठरवा. पुढे चौकशीला येणारा अधिकारी पहिला प्रश्न याबद्दलच विचारतो, तेव्हा सांगायला काहीतरी हाताशी हवं.

माझे आजोबा कणकवली तालुक्यातले. शेतीच्या संरक्षणासाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. बंदुकीचा कायदा म्हणजे काय, याची माझी कल्पना तेवढीच. इथला कायदा वाचायला बसलो तेव्हा कळलं की इथे सगळं व्याख्यांवर चालतं. बंदूक कोणत्या कलमात बसते यावर पुढचं सगळं ठरतं, आणि कलम ठरतं इंचांवर, काडतुसांच्या संख्येवर आणि ज्यूलवर. फॉर्म भरण्याआधी हे समजून घ्यायला मी तीन-चार संध्याकाळी घातल्या.

शॉटगन म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक. नळी किमान २४ इंच हवी, तिचा आतला व्यास २ इंचांपेक्षा जास्त नको. मॅगझिन, म्हणजे जास्तीची काडतुसं भरायचा कप्पा, नसावंच, आणि असलं तर ते काढता न येणारं आणि दोनपेक्षा जास्त काडतुसं न मावणारं. शिवाय ती फिरत्या सिलिंडरची नसावी. या चौकटीत बसली तर कलम २, म्हणजे शॉटगन सर्टिफिकेट. मॅगझिनमध्ये तिसरं काडतूस मावायला लागलं की तीच बंदूक कलम १ मध्ये जाते, आणि तिला फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. दोन्हींत फरक मोठा आहे. फायरआर्म सर्टिफिकेटवर प्रत्येक रायफलला आधी स्वतंत्र मंजुरी लागते आणि तुमच्याकडे सबळ कारण आहे हे तुम्हालाच दाखवावं लागतं. शॉटगनच्या बाबतीत उलट: सबळ कारण नाही असं पोलिसांना पटलं तरच ते या मुद्द्यावर नकार देऊ शकतात, आणि खेळ, स्पर्धा किंवा पिकांना उपद्रव देणाऱ्या प्राण्यापक्ष्यांचा बंदोबस्त ही कारणं कायद्यानेच धरलेली आहेत. एका सर्टिफिकेटवर किती शॉटगन ठेवायच्या याला आकड्याची मर्यादा नाही, तेवढ्या सुरक्षित ठेवायला जागा हवी, इतकंच. स्वसंरक्षण हे कारण मात्र इथे चालत नाही. भारतातून आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात पहिलं कारण तेच येतं. ते फॉर्मवर लिहू नका आणि गप्पांतही बोलू नका.

२४ इंचांबद्दल थोडं अधिक. नळी कापून त्याहून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अशी कापलेली बंदूक परवान्याशिवाय बाळगणं हा कलम १च्या गुन्ह्याचा गंभीर प्रकार मानला जातो. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या विनापरवाना शॉटगनला पाच वर्षांपर्यंत. कलम ५ म्हणजे निषिद्ध शस्त्रं, आणि तिथलं गणित अजून कडक. ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड नळी किंवा एकूण ६० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबी असलं की जवळजवळ सगळी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर त्यात येतात. हे आलं स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या हत्याकांडानंतर. १३ मार्च १९९६ला तिथल्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, आणि १९९७ मध्ये दोन दुरुस्ती कायदे होऊन सामान्य माणसाकडची पिस्तुलं गेली. त्याआधी १९८७च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर मोठ्या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफली बंद झाल्या होत्या. कलम ५ मधल्या बऱ्याच शस्त्रांना प्रौढांसाठी किमान पाच वर्षांची कैद आहे. अपवादात्मक परिस्थिती दाखवता आली तरच न्यायाधीश त्याखाली जाऊ शकतात.

आणि बंदूक कशाला म्हणायचं? २०१७च्या कायद्याने ते आकड्यात बांधलं. नळीच्या तोंडाशी एक ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेने काही फेकलं जात असेल तर ते घातक. एअरसॉफ्टला, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारणाऱ्या खेळातल्या बंदुकांना, त्यातून वेगळी सूट आहे: स्वयंचलित असेल तर १.३ ज्यूलपर्यंत, नाहीतर २.५. एअर रायफल १२ फूट-पौंडांपर्यंत आणि एअर पिस्तूल ६ फूट-पौंडांपर्यंत इंग्लंडमध्ये सर्टिफिकेटशिवाय चालतं. त्यापुढे गेली की रायफल कलम १ मध्ये, आणि पिस्तूल थेट कलम ५ मध्ये. जुन्या एअर रायफलची स्प्रिंग बदलून ती ‘जरा जोरात’ करणारे लोक इथेच फसतात. एअरगन आहे आणि घरात मुलं आहेत, तर ती त्यांच्या हाती लागणार नाही याची पुरेशी खबरदारी घेणं हेही कायद्याने बंधनकारक आहे.

हे वाचत असतानाच एक गोष्ट लक्षात आली, आणि ती प्रत्येक मराठी घरात सांगायला हवी. पेपर स्प्रे. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळतो, मुली पर्समध्ये ठेवतात, आईच घेऊन देते. ब्रिटनमध्ये तो कलम ५(१)(ब) खाली निषिद्ध शस्त्र आहे. विजेचा झटका देणारी स्टन गनही तिथेच. आणि स्टन गन टॉर्चसारखी किंवा मोबाईलसारखी दिसणारी असेल तर ती ‘दुसऱ्या वस्तूच्या रूपात लपवलेलं शस्त्र’ ठरते, आणि तिथे ती किमान पाच वर्षांची तरतूद लागू होते. माझी धाकटी बहीण मे महिन्यात पुण्याहून यायची होती. तिला फोन करून पर्स, हँडबॅग, जुन्या जॅकेटचे खिसे, सगळं रिकामं करायला लावलं. तिच्या ऑफिसच्या बॅगेत एक निघालाच. ती म्हणाली, “दादा, लिपस्टिकएवढा तर आहे!” आकाराचा इथे काही संबंध नाही. तुमच्या घरात असं काही आधीच येऊन पडलं असेल तर ते घेऊन बसने पोलीस ठाण्यात जाऊ नका. १०१ वर, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या कामांच्या नंबरवर, फोन करा, काय आहे ते सांगा आणि ते सांगतील तसं करा.

दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचंही असंच. २००६च्या कायद्याने हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक देशात आणणं आणि विकणं गुन्हा ठरवलं. लाल, केशरी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी किंवा निळी, तीही भडक रंगाची, किंवा आरपार दिसणारी असेल तर ती हुबेहूब धरत नाहीत. उंची ३८ मिमी आणि लांबी ७० मिमीपेक्षा कमी असली तरी सुटते. काळं, धातूचं, भाच्याने हट्टाने मागितलेलं पिस्तूल सामानात घालू नका. नकली बंदूक रस्त्यावर योग्य कारणाशिवाय बाळगणं कलम १९ मध्ये येतं, आणि तिने कुणाला घाबरवलं तर कलम १६अ. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

आता अर्ज. फॉर्म २०१, शॉटगन आणि फायरआर्म दोन्हींसाठी एकच. मी तो ६ जानेवारीला भरायला घेतला आणि तिथेच पहिली चूक झाली. मला वाटलं, आधी फॉर्म, मग डॉक्टर. क्रम उलटा हवा. नोव्हेंबर २०२१ पासून डॉक्टरांकडून वैद्यकीय माहिती आल्याशिवाय पोलीस सर्टिफिकेट देत नाहीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्लिमथच्या कीहॅम भागात एकाने शॉटगनने पाच जणांना मारलं. त्याची बंदूक आणि सर्टिफिकेट पोलिसांनी आधी काढून घेतलं होतं आणि मग परत दिलं होतं. त्यानंतर हे नियम घट्ट झाले.

तर ८ जानेवारीला डॉक्टरांच्या दवाखान्यात वैद्यकीय फॉर्म दिला. काउंटरवरच्या बाईंनी आधी “हे आम्ही करत नाही” असं सांगितलं, मग मॅनेजरला विचारून घेतलं. हे काम सरकारी आरोग्यसेवेत धरलेलं नाही. डॉक्टर त्याचे वेगळे पैसे घेतात, दर ठरलेला नाही, आणि ते नकारही देऊ शकतात. नकार आला तर तुमची वैद्यकीय नोंद पाहून फॉर्म भरून देणारे खासगी डॉक्टर मिळतात. माझ्याकडून ७० पौंड घेतले. कागद हातात आला १९ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांनी. मधल्या काळात, ५ फेब्रुवारीला, सरकारने फी वाढवली. शॉटगनचं नवं सर्टिफिकेट ७९ पौंड ५० पेन्सवरून १९४ पौंडांवर गेलं. डॉक्टरांकडे डिसेंबरात गेलो असतो तर ११४ पौंड ५० पेन्स वाचले असते. हा आकडा मला अजून पाठ आहे.

वैद्यकीय प्रश्नांत नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार, बायपोलर, मनोविकार, स्मृतिभ्रंश, अपस्मार, पार्किन्सन, दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन असं सगळं येतं. २०२१ मध्ये मला झोप लागत नव्हती, आणि चिंतेसाठी दोन महिने गोळ्या चालू होत्या. ते लिहायचं की नाही, यावर मी दोन रात्री घालवल्या. घरातले म्हणाले, “एवढं कशाला सांगायचं?” लिहिलं. आता सांगतो, लिहायचंच. एक तर ते तुमच्या नोंदीत आहेच, डॉक्टर लिहिणारच. दुसरं, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. आणि तिसरं, जुन्या आजारामुळे अर्ज आपोआप नाकारला जात नाही. डॉक्टर फक्त माहिती देतात, निर्णय पोलिसांचा असतो. माझ्या बाबतीत एवढंच झालं की एप्रिलमध्ये पोलिसांचं एक पत्र आलं: गोळ्या कधी बंद झाल्या, त्यानंतर काही त्रास? मी तारखा कळवल्या. त्यात तीन आठवडे गेले. सर्टिफिकेट मिळाल्यावर डॉक्टरांच्या संगणकात तुमच्या नावापुढे एक खूण राहते, म्हणजे पुढे काही चिंताजनक दिसलं तर ते पोलिसांना कळवू शकतात.

शिक्षांच्या रकान्यातही तेच. बाकी नोकऱ्यांच्या अर्जात जुन्या शिक्षा ठरावीक मुदतीनंतर ‘संपलेल्या’ धरतात, इथे ती सूट नाही. वाहतुकीच्या गुन्ह्यांसकट सगळं, आणि परदेशातलंही. माझा २०२२चा वेगमर्यादेचा दंड आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचे तीन पॉइंट लिहिले, त्यावर कुणी एक शब्द विचारला नाही. खरी आडकाठी येते ती कलम २१ची. तीन वर्षं किंवा जास्त कैद झालेल्याला बंदूक बाळगायला आयुष्यभर बंदी. तीन महिने ते तीन वर्षांच्या कैदेला सुटकेनंतर पाच वर्षं. तीन महिने किंवा अधिकची स्थगित शिक्षा असली तरी पाच वर्षं बंदी असते, हे अनेकांना माहीत नसतं.

ओळख देणारा माणूस, म्हणजे रेफरी, माझ्या वेळी शॉटगनला एक लागायचा. ऑगस्ट २०२५ पासून दोन लागतात. तो तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारा आणि ग्रेट ब्रिटनमध्ये राहणारा हवा, नातेवाईक नको, पोलीस नको, बंदुकांचा व्यापारी नको. मी आधी मेहुण्याचं नाव घातलं होतं, ते खोडावं लागलं. शेवटी ऑफिसातला जुना सहकारी झाला. पोलिसांचा फोन येणार हे त्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर अनोळखी नंबर बघून माणूस फोन उचलत नाही, आणि तुमची फाइल तिथेच पडून राहते.

३ मार्चला अर्ज ऑनलाइन पाठवला, १९४ पौंड भरले. ७ मार्चला पोच आली. त्यानंतर शांतता. या काळात मी कपाट बसवून घेतलं.

कपाटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. कायदा फक्त एवढंच म्हणतो की अनधिकृत माणसाच्या हाती बंदूक लागू नये अशा रीतीने, शक्य तितकी सुरक्षित ठेवा. कपाटच हवं असं लिहिलेलं नाही, पण व्यवहारात बीएस ७५५८ या ब्रिटिश मानकाचं पोलादी कपाट असलं की प्रश्नच उरत नाही. पत्रा किमान २ मिमीचा, कुलपं दोन, आणि कपाट भिंतीला आतून बोल्टने जखडलेलं. मी तीन बंदुकांचं घेतलं, १५५ पौंडांना. बाहेरच्या माणसाला दिसणार नाही अशा जागी हवं. गॅरेज टाळा, दमट असतं, शिवाय दार उघडं राहतं. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोकं पाडायला घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

इथल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड ठोकलेल्या असतात. बोटाने वाजवली की पोकळ आवाज येतो. त्यावर कपाट लावलं तर ते पहारीने दोन मिनिटांत भिंतीसकट निघेल. विटेची भिंत शोधा. माझ्याकडे ती जिन्याखाली निघाली. १० मिमीचे चार रॉलबोल्ट, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, त्यांना १६ मिमीचं भोक लागतं, आणि साध्या ड्रिलने ते होत नाही. हॅमर ड्रिल दिवसाच्या भाड्याने आणलं, २२ पौंड. वरची दोन भोकं झकास झाली. खालचं डावं नेमकं दोन विटांच्या सांध्यात गेलं. बोल्ट आवळायला घेतला तर आवळलाच जाईना. आतली टोपी फुगून विटेला धरायच्या ऐवजी भुसभुशीत मॉर्टरमध्ये गरगर फिरत होती. पाना काढला तर भोकातून पिठासारखी वाळू खाली आली. जोर लावू नका, त्याने भोक मोठंच होतं. मी सगळं काढलं, कपाट चार सेंटिमीटर वर सरकवलं, प्लास्टर खरवडून विटांच्या रेषा पेन्सिलीने आखल्या आणि चारही भोकं विटेच्या मध्यावर घेतली. विटेच्या कडेजवळ फुगणारा बोल्ट लावला तर वीट तडकते. तिथे रेझिनमध्ये बसवलेला स्टड बरा. आणि भिंत एकेरी विटेची, म्हणजे साधारण १०२ मिमीची असेल तर ड्रिलच्या टोकापासून मोजून टेप चिकटवा, नाहीतर भोक शेजारच्या खोलीत निघेल.

किल्ली. हा सगळ्यात नाजूक विषय. घरातल्या ज्या माणसाकडे सर्टिफिकेट नाही, त्याला किल्ली कुठे आहे हे माहीत असता कामा नये, नवरा-बायको असलात तरी. आपल्या घरांत हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. दागिन्यांची किल्ली, कपाटाची किल्ली, सगळं देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची सवय. त्यात आई-बाबा सहा महिने राहायला येतात आणि आई पहिल्याच आठवड्यात सगळे खण आवरून ठेवते. पर्याय म्हणून किल्ली आकड्यांचं कुलूप असलेल्या एका लहान तिजोरीत ठेवता येते. आकडा कुणाचा वाढदिवस नसावा, एवढं पाहा.

२४ जूनला, अर्ज गेल्यापासून सोळा आठवड्यांनी, फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर, म्हणजे पोलिसांचे चौकशी अधिकारी, घरी आले. आदल्या रात्री मला झोप नव्हती, पण तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स पाहिलं. कपाटाचं दार उघडून आत हात घालून चारही बोल्ट हलवून पाहिले, मग दोन्ही हातांनी कपाट धरून चांगलं हिसकलं. जिन्याखालचा व्हॅक्यूम क्लीनर खाली पडला, कपाट हललं नाही. मग बैठकीत प्रश्न सुरू झाले. कुठे शूटिंग करता, किती वेळा जाता, बंदूक गाडीतून कशी नेणार, वाटेत पेट्रोल भरायला थांबलात तर? दारू किती पिता? नोकरीत ताण आहे का, पैशाची अडचण? २०२१ बद्दल पुन्हा एकदा, शांतपणे. बायकोशी वेगळं बोलले, मी स्वयंपाकघरात चहा करत असताना. तिला काही काळजी वाटते का, घरात भांडणं होतात का, आणि मग सहज विचारावं तसं, “किल्ली कुठे ठेवणार आहेत?” ती म्हणाली, मला माहीत नाही. बरोबर उत्तर तेच. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहाची तारीफ केली. पाऊण तासात गेले.

त्यानंतर पुन्हा बारा आठवडे काही नाही. मी एकदाच ईमेल केली, ऑगस्टमध्ये, अर्जाचा क्रमांक घालून. दर आठवड्याला फोन करून काही होत नाही. या वाटेत एक मोह टाळा: “अर्ज तर गेलाय” म्हणून बंदूक घेऊन ठेवू नका, मित्राची सांभाळायलाही घेऊ नका. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत तुमच्या घरातली शॉटगन हा कलम २चा गुन्हाच. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मिळतं, आणि २१ दिवसांच्या आत क्राउन कोर्टात अपील करता येतं.

सर्टिफिकेट आलं की पहिलं काम, पेनाने सही करा. ती अट त्याच कागदावर छापलेली आहे. बाकीच्या अटीही वाचा: पत्ता बदलला, बंदूक चोरीला गेली किंवा हरवली तर कळवायचं, आणि सुरक्षित ठेवायचं.

२७ सप्टेंबरला नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून जुनी बारा बोअरची ओव्हर अँड अंडर घेतली, म्हणजे एकावर एक दोन नळ्या, २८ इंची. ५५० पौंड. जुनी घेताना पुढचं लाकूड काढून नळ्या बंद अवस्थेत डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखडली तर बिजागर झिजलंय. नळीतून उजेडाकडे पाहा, आतली वर्तुळं एकसारखी दिसायला हवीत. एखादं वर्तुळ मोडलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. नळ्यांच्या बुडाशी प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या जादा दाबाने तपासणाऱ्या संस्थेचे ठसे असतात, उदाहरणार्थ लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे. चेंबरची, म्हणजे काडतूस बसायच्या पोकळीची, लांबी तिथेच कोरलेली असते. माझ्या बंदुकीवर ७० मिमी आहे, म्हणून ७६ मिमीची काडतुसं तिला कधीच नाहीत. ती आत बसतात, हीच अडचण आहे. पण फुटताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

व्यापाऱ्याने सर्टिफिकेटवर मॉडेल आणि क्रमांक लिहिला. व्यवहार झाल्यापासून सात दिवसांत विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही आपापल्या पोलिसांना कळवायचं असतं. “दुकानदार कळवेल” म्हणून बसू नका. दुसऱ्या शॉटगन सर्टिफिकेटवाल्याला बंदूक ७२ तासांपर्यंत वापरायला दिली तर नोंद लागत नाही, त्यापुढे लागते. काडतुसं घेताना सर्टिफिकेट दाखवावं लागतं. पाच किंवा जास्त छर्रे असलेलं आणि कुठलाच छर्रा ०.३६ इंचापेक्षा मोठा नसलेलं काडतूस शॉटगनचं. एकच मोठी गोळी असलेलं स्लग कलम १ मध्ये, ते माझ्या सर्टिफिकेटवर मिळत नाही.

गाडीतून नेताना बंदूक झाकलेल्या पिशवीत, डिकीत, रिकामी. सार्वजनिक जागी भरलेली शॉटगन म्हणजे कलम १९. मैदानावरही बिजागरातून नळ्या खाली वाकवून, उघड्या ठेवून चालायचं, म्हणजे समोरच्याला ती रिकामी असल्याचं दिसतं. १८७२चा एक कायदा अजून लागू आहे, भरलेली बंदूक आणि नशा एकत्र चालत नाही. त्यामुळे शूटिंगनंतरचा पब बंदूक कपाटात गेल्यावर.

एकूण खर्च, बंदूक सोडून: फी १९४, डॉक्टर ७०, कपाट १५५, ड्रिलचं भाडं २२, बोल्ट आणि फोटो मिळून १९. म्हणजे ४६० पौंड. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान आठ आठवडे आधी पोलिसांकडे पोचला, आणि उशीर त्यांच्याकडून झाला, तर सर्टिफिकेट आपोआप आठ आठवडे पुढे चालू राहतं. उशीर तुमच्याकडून झाला तर बंदूक व्यापाऱ्याकडे ठेवायला द्यावी लागते. मी फोनमध्ये मार्च २०३०ची आठवण लावलीय, आणि तिच्यात एकच ओळ लिहिलीय: आधी डॉक्टर.